हाकेचा कुत्रा

धोंडिबा बरकडे यांच्याविषयी लिहावयाचे तर प्रथम दोन क्रियापदे एकमेकांपासून दूर करून ठेवावी लागतात : राखणे आणि हाकणे. धनगराचा कुत्रा मेंढरे राखतो. लांडगा किंवा चोर आला तर तो भुंकतो, वेळ पडल्यास अंगावर जातो. एरवी तो मेंढरांच्या मधोमध पाय पसरून झोपलेला असतो आणि त्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नाही. मेंढरे हाकणे हे माणसाचे काम. धोंडिबांच्या आज्याने आणि वडिलांनी असेच कुत्रे पाळले. धोंडिबांनीही वयाची साठी उलटेपर्यंत असेच पाळले. त्यानंतर मात्र त्यांना दुसऱ्या कामाचा कुत्रा घडवावा लागला. तो त्यांनी घडवला, आणि चांगला घडवला. अडचण तीच झाली.

आमची ओळख मांजरी गावात झाली. सरकारी मुद्रणालयातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे राहायला आलो, तेव्हा आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना ऊस होता. आता तो एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला आणखी एक इमारत उभी राहिली, आणि तिसरीकडे, ऊस गेल्यावर, आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून, धोंडिबांची जागा उरली : पत्र्याच्या दोन खोल्या, एक बाभळ आणि मेंढरांना रात्री कोंडण्यासाठी खुंट्यांवर ताणलेले जाळे. त्या जाळ्याला वाघूर म्हणतात. वाघ येऊ नये म्हणून वाघूर का, असे मी पहिल्याच भेटीत विचारले होते.

"वाघ कुठला मास्तर हितं?" धोंडिबा म्हणाले. "आला तर तुमच्या शिकुरिटीवाल्याकडं सही करून येईल."

मी कधीही मास्तर नव्हतो. परंतु चष्मा आणि छत्री असलेला माणूस मास्तरच असतो अशी त्यांची समजूत होती, आणि ती दुरुस्त करण्याचे कारण मला दिसले नाही.

अंगाने ते वाळके आणि उंच. डोक्याला एकेकाळी लाल असलेले पागोटे, खांद्यावर ऐन वैशाखातही घोंगडी, आणि सदऱ्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. त्यांचे वडील माण तालुक्यातून दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरे घेऊन इकडे येत. ऊस तुटलेल्या रानात मेंढरे बसवावीत म्हणून शेतकरी त्यांना आग्रहाने थांबवून घेत, कारण लेंड्यांच्या खताने जमीन सुधारते; त्याबदली धान्य मिळे, गूळ मिळे, मान मिळे. एका वर्षी एका बागायतदाराने बांधालगतचा तुकडा राहायला दिला आणि वडील माघारी गेलेच नाहीत. धोंडिबांचे लग्न येथेच झाले. तुळजाबाई याच पत्र्याखाली नांदायला आल्या. दोन्ही मुली आपापल्या घरी गेल्या. मुलगा सुदर्शन खराडीतल्या एका मोठ्या कंपनीच्या उपाहारगृहात कामाला लागला आणि पत्नीसह तिकडेच राहू लागला. गाव महापालिकेच्या हद्दीत आले. मेंढरे बसवायला आता कुणी बोलावत नव्हते, कारण बसवायला रानच उरले नव्हते. उरली होती ती नदीकडची पड जमीन. आणि धोंडिबांचे घर व ती जमीन यांच्यामध्ये रस्ता होता.

या रस्त्यावरून सकाळी पलीकडे जाणे सोपे होते. पहाटे वाहने तुरळक असत. संध्याकाळचे परतणे हाच काय तो प्रश्न. त्या वेळी नोकरदार घरी परतत असतात आणि काँक्रीट वाहून नेणारे मिक्सर, पोट गरगर फिरवीत, एकामागून एक बांधकामांकडे धावत असतात. हॉर्नच्या गदारोळात मेंढरे डांबरावर पाय ठेवीत नाहीत. मागून कितीही रेटले तरी ती एकमेकांत डोके खुपसून गोल होतात. त्यांना पुढे चालणारे कुणीतरी लागते. ते काम तुळजाबाईंचे होते. त्या पदर खोचून, हात वर करून, वाहनांकडे न बघता रस्ता ओलांडीत. मेंढरे त्यांच्यामागे आणि धोंडिबा सर्वांत मागे. वाहने थांबत. तुळजाबाईंच्या वर केलेल्या हातात काही अधिकार होता असे नव्हे, पण त्या थांबणार नाहीत हे चालकांना लांबूनच कळत असे.

मग त्या घराच्या उंबऱ्याशी घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. वॉकर धरून त्या घरात आणि अंगणात हिंडू लागल्या, रस्त्याच्या कडेपर्यंत येऊ लागल्या. पण मेंढरांच्या पुढे चालणे संपले.

सुदर्शनने रजा काढून काही दिवस आईची जागा घेतली. रजा संपल्यावर पहिल्याच संध्याकाळी अर्धा कळप दुभाजकावर अडकून राहिला. तो सोडवायला आमच्या इमारतीतले दोघेचौघे गेले, त्यांत मीही छत्री घेऊन होतो. रविवारी सुदर्शन आला तो निर्णय घेऊनच.

"आबा, विकून टाका आता. एखाद्या दिवशी तुम्हीच जाल गाडीखाली."

"इकतो," धोंडिबा म्हणाले. "इकल्यावर सकाळी उठून मी कुठं जाऊ, तेवढं सांग."

"कुठं जायचंय? बसा की निवांत."

"तुझा आजा बसला होता निवांत. शेवटचे तीन म्हैने. खाटंवर."

सुदर्शन हसला आणि त्याने वडिलांसमोर मोबाइल धरला. कुठल्यातरी परदेशातल्या हिरव्यागार टेकडीवर एक काळापांढरा कुत्रा शेकडो मेंढ्या एकट्याने वळवीत होता. मालक लांब उभा राहून नुसती शीळ घालीत होता. "हे बघा, असा कुत्रा असंल तर ठेवा मेंढरं," सुदर्शन म्हणाला. तो थट्टेत म्हणाला होता. धोंडिबांनी ती चित्रफीत तीन वेळा पाहिली.

पिल्लू वाघोलीकडच्या एका नातलगाकडून आले. तांबूस रंगाचे, लांब तोंडाचे. म्हणून त्याचे नाव कोल्ह्या. आणि इथे धोंडिबांनी जे केले ते त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. काजळी नावाच्या मेंढीचे कोकरू नुकतेच दगावले होते. तिला त्यांनी पिल्लू लावले. मेंढीच्या दुधावर वाढलेला कुत्रा मेंढरांना परका मानत नाही, त्यांना कधी दात लावत नाही आणि त्यांच्यासाठी जीव देतो, हा त्यामागचा विचार. राखणीच्या कुत्र्यासाठी तो बरोबरच होता. परंतु हाकणाऱ्या कुत्र्याची मेंढरांना थोडी भीती वाटावी लागते, हे धोंडिबांच्या ध्यानात आले नाही. चित्रफितीतल्या मेंढ्या त्या कुत्र्यापासून पळत होत्या. कोल्ह्यापासून कोण पळणार? तो तर काजळीचा मुलगा.

पहिले काही महिने आम्ही भिंतीवरून जे पाहिले ते करमणुकीचे होते. धोंडिबा शीळ घालीत, कोल्ह्याला कळपाच्या मागे उभा करीत आणि "हाक, हाक" म्हणत. कोल्ह्या शेपूट हलवीत कळपात शिरे. मेंढ्या त्याला हुंगत. काजळी त्याचे कान चाटे. तो तिच्या पायाशी आडवा होई.

"आबा, ह्यो मेंढरं हाकतोय का मेंढरं ह्याला?" सुदर्शन विचारी.

"तू गप. तुला चालायला किती दिवस लागलं, आईला इचार."

तोडगा तुळजाबाईंनी काढला. त्या बाभळीखाली खुर्चीवर बसून हे सारे बघत असत. एके दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवं, कशाला त्याच्या मागं लागलाय? त्यानं मेंढराचं दूध पेलंय, त्ये मेंढरूच झालंय. मेंढरू मेंढराच्या मागं जातंय ना? मग त्याला मागं न्हाई, म्होरं घाला."

म्हणजे हाकणारा कुत्रा नव्हे, तर पुढे चालणारा कुत्रा. तुळजाबाईंच्या जागी.

त्या दिवसापासून खरे शिक्षण सुरू झाले. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा काढून ती कोल्ह्याच्या गळ्यात बांधली गेली, कारण मेंढरे त्या घंटेमागे चालायला सरावलेली होती. तुळजाबाई अंगणाच्या एका टोकाला दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी घेऊन बसत. धोंडिबा दुसऱ्या टोकाला कळपाजवळ कोल्ह्याला धरून उभे राहत. तुळजाबाई "यू, यू, यू" अशी हाक मारीत. कोल्ह्या सुटे तो धावतच सुटे आणि मेंढरे बुचकळ्यात पडून जागच्या जागी राहत. मग धोंडिबांनी ओढाळ जनावराच्या गळ्यात अडकवतात तसे लाकडाचे लोढणे त्याच्या गळ्यात अडकवले. धावला की लोढणे पायांत येई. कोल्ह्या चालायला शिकला. लोढणे आधी हलके केले आणि पुढे काढून टाकले. तरी तो लोढणे असल्यासारखाच, मान थोडी खाली घालून, एकेक पाय टाकीत चालू लागला. पावसाळा गेला, थंडी आली. अंगणात जमले ते मातीच्या वाटेवर, वाटेवर जमले ते आमच्या इमारतीमागच्या काँक्रीटच्या गल्लीत. मेंढरे त्याच्यामागे निमूट येत. काजळी सर्वांत पुढे, घंटेच्या अगदी मागे.

थांबवण्यासाठी काठी होती. धोंडिबांनी आपली काठी त्याच्यासमोर जमिनीवर आडवी ठेवली की कोल्ह्याने तिच्यापुढे पाय टाकायचा नाही. मोटार गेली, दुसरा कुत्रा भुंकला, कुणी दगड मारला, तरी नाही. फक्त एका गोष्टीने काठी ओलांडायची : तुळजाबाईंच्या हाकेने. रस्त्याच्या घराकडच्या कडेला बसून त्यांना दोन्ही बाजूंची वाहने दिसत. धोंडिबा कळपाच्या मागे, त्यांना काहीच दिसत नसे. म्हणून हाक ही काठीच्या वर. धोंडिबांनी ही गोष्ट मला एखाद्या नियमावलीतले कलम सांगावे तशी सांगितली होती, आणि मला ती आवडली होती. मी एवढेच विचारले की, यू यू असे तर कुणीही कोणत्याही कुत्र्याला म्हणतो. काही निराळी हाक का ठेवली नाही?

धोंडिबांना माझा प्रश्नच कळेना. मग ते हसले.

"मास्तर, दुसऱ्याच्या कुत्र्याला कोन हाक मारंल?"

"का नाही मारणार?"

"आमच्यात न्हाईत मारत. दुसऱ्याच्या कुत्र्याला हाक न्हाई, तुकडा न्हाई, हात न्हाई. दहा जनांची मेंढरं एका माळाला उतरली, दहा जनांची कुत्री, सगळ्यांची हाक एकच, यू यू. पर कुनाचा कुत्रा कुनाकडं जात न्हाई आन्‌ कुनी बोलवत न्हाई. बोलवलं तर भांडान व्हईल. दुसऱ्याच्या बायकुला हाक मारल्यागत."

तुळजाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "काय पन उदाहरन देत्यात मास्तरास्नी."

माघ महिन्यातल्या एका संध्याकाळी कोल्ह्याने पहिल्यांदा कळप रस्त्यापार आणला. तुळजाबाई कडेच्या दगडावर बसल्या होत्या, शेजारी वॉकर. समोर, पलीकडे, काठीमागे कोल्ह्या. वाहनांचा एक लोंढा गेला, दुसरा सिग्नलला अडला. तुळजाबाईंनी हाक मारली. घंटा वाजली. तांबडा कुत्रा मान खाली घालून संथ चालत निघाला, मागे काजळी, तिच्यामागे सारी मेंढरे, सर्वांत शेवटी घोंगडी. एका दुचाकीवाल्याने हॉर्न वाजवायला अंगठा नेला आणि तसाच ठेवला. कळप आत आल्यावर कोल्ह्या थेट तुळजाबाईंच्या पुढ्यात येऊन बसला. त्यांनी त्याला वाटीतली भाकरी दिली. तो दंडक होता : रस्ता ओलांडला की भाकरी.

"शिकलं," धोंडिबा म्हणाले. त्या रात्री त्यांनी सुदर्शनला मोबाइलवरून कळवले की मेंढरे विकायची नाहीत.

पुढचे दोनेक महिने हे दृश्य रोजचे झाले आणि आमच्या परिसरातल्या लोकांना ते आवडू लागले. मला वाटते, तेथून घसरण सुरू झाली. पण त्यात कुणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणणार नाही. माणसे फाटकाशी उभी राहून बघत. मुले घंटेचा आवाज काढीत. कोल्ह्याला कुणी ब्राउनी असे नाव ठेवले. काठीची आणि हाकेची व्यवस्था त्यांतल्या कुणाला माहीत नव्हती. सांगायला हवी, असे धोंडिबांच्या मनातही आले नाही. जी गोष्ट त्यांच्या लोकांत लहान लेकरालाही सांगावी लागत नाही, ती मोठ्या माणसांना काय सांगायची?

पूर्वा नावाची एक मुलगी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मैत्रिणींबरोबर राहते. ती मूळची वर्ध्याकडची, एका संगणक कंपनीत नोकरीला. भटक्या कुत्र्यांना स्वतःच्या हाताने खाऊ घालणारी, वृद्धांना लिफ्टमध्ये आधी जाऊ देणारी. चैत्रातल्या त्या संध्याकाळी ती लवकर घरी आली होती आणि रस्त्याच्या कडेला, तुळजाबाईंपासून थोड्याच अंतरावर, मोबाइल उभा धरून थांबली होती. मी फाटकाच्या आत होतो. तुळजाबाईंची नजर डावीकडे लागली होती, कारण उतारावरून एक मिक्सर येत होता. तो जाऊ द्यावा म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. पलीकडे काठी आडवी होती. कोल्ह्या काठीमागे होता. मान मात्र त्याने दुसरीकडे वळवली होती.

त्याने कॅमेऱ्याकडे बघावे, एवढेच पूर्वाला हवे होते.

"यू, यू, यू! ब्राउनी! इकडे बघ ना!"

बाईचा आवाज, नेहमीच्या बाजूने, नेहमीची हाक. कोल्ह्या उठला. घंटा वाजली. तुळजाबाई ओरडल्या, "थांब! अगं बाई, थांबव त्येला!" पण थांब हा शब्द त्याला कुणी शिकवलेला नव्हता. थांबायला काठी होती, आणि काठीच्या वर हाक होती. तो नेहमीसारखाच चालत आला, संथ, मान खाली घालून, आणि त्याच्यामागे काजळी, आणि तिच्यामागे बाकीची. मिक्सरच्या चालकाने ब्रेक दाबला. तेवढ्या जड वाहनाला थांबायला जेवढी जागा लागते तेवढी त्याच्यापाशी नव्हती. कोल्ह्या मिक्सरच्या पुढून सुटला. काजळी सुटली नाही. तिच्यामागची पुढे येतच राहिली, कारण घंटा पलीकडून वाजत होती.

वर्णन मी येथे थांबवतो. पाहिलेले सर्वच लिहावे असे मला वाटत नाही.

धुरळा बसला तेव्हा धोंडिबा रस्त्याच्या मध्यभागी गुडघ्यांवर बसले होते आणि एका मेंढीचे डोके त्यांच्या मांडीवर होते. तिचे पोट अजून हलत होते. मिक्सरचा चालक, परप्रांतातला तरुण, खाली उतरून हात जोडीत उभा होता. त्याला कुणी मारू नये म्हणून दोघांनी त्याला बाजूला घेतले. एक गृहस्थ गाडीची काच खाली करून म्हणाले, "मेंढ्यांना वाहतुकीचे नियम शिकवायचे राहिले वाटतं." कुणी हसले नाही, पण कुणी त्यांना काही बोललेही नाही. मीही नाही.

कोल्ह्या तुळजाबाईंच्या पुढ्यात बसला होता. तो भाकरीची वाट पाहत होता.

पूर्वा रडत तुळजाबाईंजवळ आली. "आजी, मी फक्त… त्याने इकडे बघावं म्हणून… मला माहीतच नव्हतं हो."

तुळजाबाईंनी तिच्याकडे बघितले. मग विचारले, "तुमच्या गावाला कुत्र्याला काय म्हनून बोलवत्यात?"

"यू यू."

"आमच्यातबी त्येच," तुळजाबाई म्हणाल्या, आणि वाटीतली भाकरी त्यांनी दगडामागे ओतून दिली.

सुदर्शनने दोषाचा प्रश्न उपस्थित केला. मिक्सरची कंपनी, पूर्वा, आमची सोसायटी, अशी नावे तो घेत होता. त्याचा आवाज चढला तेव्हा धोंडिबा म्हणाले, "कुनाला धरू? तिनं हाक मारली, त्यो आला. तुझ्या आईनं मारली असती तरी आला असता. त्यासाठीच तर शिकवला." पूर्वाने काही मदत देऊ केली; ती त्यांनी हात जोडून परत पाठवली. अपमान केला नाही. घेतलीही नाही.

निम्म्याहून अधिक मेंढरे उरली होती आणि ती कोल्ह्यामागे अजूनही चालत होती. मेंढराला राग धरून ठेवता येत नाही. म्हणून धोंडिबांनी आणखी एकदा प्रयत्न केला. हाक बदलायची. तुळजाबाईंनी जिभेने टाळूवर वाजवायची एक निराळी खूण काढली. भर उन्हाळ्यात, पुन्हा अंगणाच्या टोकापासून, पुन्हा वाटी, पुन्हा काठी. कोल्ह्या हुशार होता. नवी खूण त्याने लवकर उचलली. मग परीक्षेचा दिवस आला. धोंडिबांनी काठी आडवी ठेवली आणि बायकोला म्हणाले, "आता जुनी मार."

तुळजाबाईंनी यू यू केले. कोल्ह्या काठी ओलांडून आला.

पुन्हा मागे नेले. पुन्हा जुनी हाक. पुन्हा आला. धोंडिबांनी त्याला काठीने मारले. त्यांना कुत्र्यावर हात उचलताना मी एवढे एकदाच पाहिले. ते उलट्या हाताने, तोंड फिरवून मारीत होते. पुन्हा मागे नेले. "मार हाक." तुळजाबाईंनी वाटी खाली ठेवली. "मार म्हंतो ना!" त्यांनी कशीबशी हाक मारली. कोल्ह्या उठला. काठीकडे बघितले, धोंडिबांकडे बघितले, आणि मग पोट जमिनीला घासत, सरपटत, आला.

"बास करा," तुळजाबाई म्हणाल्या. "नवं शिकवता येतंय. शिकवल्यालं काढता येत न्हाई त्याच्यातनं. आपुनच त्याला सांगितलं, हाक काठीच्या वर."

भिंतीच्या अलीकडून कुण्या मुलाने त्याच वेळी, खेळकरपणे, यू यू केले. कोल्ह्याने कान टवकारले. धोंडिबांनी भिंतीकडे बघितले. कुंपणापलीकडे आमच्या दोन इमारती, समोर दोन, पलीकडे बांधकामे. तेवढ्या खिडक्या. प्रत्येकाला जाऊन काय सांगणार?

"सुदर्शनला फोन लावा," ते मला म्हणाले. "त्यो येपारी कोन म्हनत व्हता, त्याला यू द्या."

सकाळीच सुदर्शनबरोबर व्यापारी टेंपो घेऊन आला. मागे फळी लावली. मेंढरांनी फळीवर पाय ठेवला नाही. व्यापारी आणि त्याचा माणूस एकेकीचा मागचा पाय धरून ओढू लागले. मेंढ्या ओरडू लागल्या. एकीचा पाय फळीच्या फटीत अडकला. "असं नगा ओढू," धोंडिबा म्हणाले. व्यापारी म्हणाला, "मग काय आवतन देऊ का त्यास्नी, पाटावर बसवून?"

धोंडिबा घरात गेले आणि घंटा घेऊन आले. अपघातानंतर ती कुणी कुत्र्याच्या गळ्यात बांधली नव्हती. त्यांनी ती कोल्ह्याला बांधली, त्याला फळीपाशी उभा केला आणि काठी त्याच्यासमोर आडवी ठेवली. सुदर्शनने खाली बघितले.

"अगं," धोंडिबा बायकोला म्हणाले.

"मला सांगू नका."

"पाय मोडतील त्यांचं."

"मोडू द्यात. कुठं जायाचं हाय त्यास्नी चालत?"

फळीत पाय अडकलेली मेंढी अजून ओरडत होती. तुळजाबाई उठल्या, वॉकर टेकीत टेंपोच्या पुढच्या बाजूला गेल्या आणि लाकडी कठड्याच्या फटींना तोंड लावून उभ्या राहिल्या. तेथून त्या आम्हांला दिसत नव्हत्या. फक्त आवाज आला.

"यू, यू, यू."

घंटा वाजली. कोल्ह्याने काठी ओलांडली आणि फळीवर पाय ठेवला. मान थोडी खाली घालून, नसलेले लोढणे सांभाळीत, तो वर चढला. आणि मेंढरे एकेक करून, न ओरडता, त्याच्यामागे चढली. व्यापारी म्हणाला, "लई भारी कुत्रा, धोंडिबा. देता का? मला रोज लागंल." सुदर्शनने आत शिरून कोल्ह्याला मेंढरांच्या पाठींवरून बाहेर काढले. मेंढरे त्याच्यामागे उतरू लागली, तेव्हा व्यापाऱ्याने घाईने फळी उचलून कडी घातली.

टेंपो रस्त्याला लागला आणि मिक्सरांमधून दिसेनासा झाला. धोंडिबा वाघुरीच्या खुंट्या उपटू लागले; एक उपटली आणि तशीच हातात धरून बसून राहिले. तुळजाबाई सावकाश खुर्चीपर्यंत आल्या. कोल्ह्या त्यांच्या पुढ्यात जाऊन बसला, पाय जुळवून, वर बघत.

सुदर्शन त्याला हुसकायला पुढे झाला. "व्हय बाजूला. आता कशाची भाकरी?"

"आन ती वाटी," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यानं काम केलंय."